संध्याकाळी आईच्या बाजूने, सकाळी मुलीच्या

अक्का टीव्हीवर एकच मालिका पाहायच्या, आणि तिचा प्रत्येक भाग दोनदा पाहायच्या. एकदा संध्याकाळी आठ वाजता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भाग पुन्हा लागायचा तेव्हा दुसऱ्यांदा. यात विशेष काही नाही. जळगावच्या उन्हात घरात कोंडून घेतलेली माणसं एकच भाग तीनदासुद्धा पाहतात. विशेष होतं ते त्यांचं बसणं. संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ, हात असलेल्या लाकडी खुर्चीत बसत, ऐसपैस, घराच्या मालकिणीसारख्या. सकाळी मात्र बाहेरच्या दाराजवळच्या बाजेवर टेकत. पाय खाली सोडलेले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, जणू कुणाकडे चार घटका आल्या आहेत आणि आता निघतील.

त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या, त्यानंतर बरेच दिवस मी हे नुसतं पाहत होते. मग एकदा न राहवून विचारलं.

"संध्याकाळी मी आईच्या बाजूनं बघते," त्या म्हणाल्या. "सकाळी पोरीच्या."

"पण भाग तोच असतो ना?"

"भाग तोच असतो. मी दुसरी असते."

मी पुढे काही विचारणार, इतक्यात त्यांनी मला थांबवलं. एका बाजूचं ऐकून निकाल देतात का कुठे, असं म्हणून त्या टीव्ही बंद करायला उठल्या. रिमोट त्यांच्याकडे होता, पण तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला असे. टीव्ही लावायला आणि बंद करायला त्या स्वतः उठत. बसल्या जागेवरून कुणाचं तोंड बंद करणं त्यांना बरं वाटत नसे.

अक्का गेल्या त्या या हिवाळ्यात. मी अजून वरच राहते. खाली कुणी नसतं तेव्हा किल्ली लावून आत जाते, खिडक्या उघडते, फडकं फिरवते, आणि कधीकधी दोन्ही जागांवर बसून पाहते. खुर्चीतून टीव्ही सरळ दिसतो. बाजेवरून थोडा तिरपा दिसतो, आणि पडद्याबरोबर ती लाकडी खुर्चीही नजरेत राहते. हे त्या असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या जिल्हा न्यायालयात टंकलेखक होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबान्या टाइप केल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बोटं निवृत्त झाली नव्हती. मनात काही आलं की ती खुर्चीच्या हातावर, मांडीवर, भाजीच्या पिशवीवर चालायची. बोलण्यातही ते सगळं उतरलं होतं. उलटतपासणीत साक्षीदार वकिलाचं म्हणणं नाकारतो, ते "हे म्हणणे खरे नाही की" अशा वाक्याने लिहिलं जातं. अक्का ते घरात वापरत. चहा अगोड झाला आहे, असं शेजारच्या भाभींनी म्हटलं तर त्या शांतपणे म्हणत, "हे म्हणणे खरे नाही की मी साखर विसरले. मी घातलीच नाही."

या भाभी मूळ राजस्थानातल्या. त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं, जन्म इथला, मराठी आमच्यासारखीच, फक्त तिला थोडा वेगळा हेल. संध्याकाळी आठला त्या यायच्या आणि सतरंजीवर बसायच्या. त्यांची नजर साड्यांवर आणि हिशेबावर. मालिकेतली आई एक पार्लर चालवते. भाभींनी कितीदा तरी विचारलं असेल, "अक्का, हिच्या पार्लरमध्ये गिऱ्हाईक कधी दिसत नाही. भाडं कशातून देते ही?"

"तो मुद्दा या प्रकरणात नाही," अक्का म्हणत.

अक्का मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून "लायब्ररी". जिन्याखाली उभ्या राहून हाक यायची, "लायब्ररी, खाली ये, अर्जदार आली." संध्याकाळी अर्जदार म्हणजे मालिकेतली आई, आणि मुलगी म्हणजे सामनेवाली. सकाळी उलट. भाग संपला की त्या उठत, टीव्ही बंद करत आणि म्हणत, "तारीख पडली."

मालिका तशी साधी होती. आई आणि मुलगी, दोघीच. आई लवकर एकटी पडलेली, हौशी, थोडी वेंधळी, तिला स्वयंपाक येत नाही. मुलगी हुशार, टापटिपीची, आईला वेळेवर झोपवणारी. दोघी एकमेकींचे कपडे घालतात, एकमेकींच्या ताटातलं खातात आणि अखंड बोलतात. बोलणं भराभर, एकीचं वाक्य दुसरी पुरं करते, मध्येच हशा, मध्येच डोळ्यांत पाणी, आणि चहाचा कप संपायच्या आत भांडण मिटलेलं.

मी पुस्तकांत वाढलेली बाई. टीव्ही माझ्या सवयीचा नाही. सुरुवातीला मी खाली जायचे ती अक्कांना पाहायला. काही आठवड्यांनी कळलं की मीही त्या बोलण्यासाठीच जाते. माझी आई गेली त्याच वर्षी मी जळगावात आले. आमच्यात कधी वाद झाला नाही. आम्ही फारसं बोललोच नाही. ती मला वाढायची, मी जेवायचे, आणि यापेक्षा अधिक काही असतं असं दोघींनाही वाटत नव्हतं. म्हणून पडद्यावरच्या त्या दोघी बोलू लागल्या की मी एखाद्या अनोळखी प्रांताची माहिती वाचावी तशी ऐकत असे. लोक खरोखर असं बोलतात का? आपल्या आईला तोंडावर "तुझं चुकलं" म्हणून पुढच्या क्षणी तिच्या मांडीवर डोकं ठेवतात का? मी हे अक्कांना विचारलं.

त्या थोडा वेळ खुर्चीच्या हातावर टाइप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं रोज बोलल्यावर आत राहत असेल काय, तेच मी शोधते."

त्यांच्या घरातली माझी पहिली आखाजी मला आठवते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचं महत्त्व दिवाळीहून कमी नाही. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवतात. सकाळीच अक्कांनी मला खाली बोलावलं. ओट्यावर दोन घागरी होत्या. एक त्यांच्या यजमानांची. दुसरी कुणाची, मी विचारलं.

"तुझ्या आईची. भर."

मी म्हटलं, आमच्याकडे घागर मुलगा भरतो, आणि आईला मुलगा नाही.

"मग तुझी माय तहानलेली बसेल का तिकडे?" त्या म्हणाल्या. "लेकीनं भरलं तरी ते पाणीच असतं."

मी घागर भरली. आई गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. अक्कांनी समजूत काढली नाही, पुरण वाटायला दिलं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला, चिंचेला झोके बांधलेले असतात, गल्लीत गाणी चालू असतात, नव्या बांगड्या वाजत असतात. भाभींच्या घराच्या मागे एक मोठा झोका होता. अक्का दिवसभर त्या बाजूच्या खिडकीकडे गेल्या नाहीत. संध्याकाळी फोन वाजला. त्या उठल्या, "हो. बरी आहे. तू? हो," एवढं बोलून त्यांनी ठेवला. टीव्हीवरची जाहिरातसुद्धा संपली नव्हती.

"कोण होतं?" भाभींनी विचारलं नाही, मी विचारलं.

"धुळं," अक्का म्हणाल्या.

पुढे कितीतरी दिवस मला वाटत होतं की धुळं म्हणजे कुणी नातलग मंडळी असतील, किंवा एखादं कार्यालय. "धुळ्याचा फोन आला नाही." "धुळ्याला ताप होता म्हणे." अखेर भाभींनी एकदा जिन्यात मला थांबवून हळूच सांगितलं की धुळं म्हणजे अक्कांची मुलगी, संगीता. एकुलती एक. कैक वर्षांत या घरी आली नाही. का, ते भाभींनाही ठाऊक नव्हतं.

ते मला कळलं ते मालिकेमुळे. मालिकेतल्या मुलीचं लग्न झालं होतं, आणि एका संध्याकाळच्या भागात ती सासर सोडून आली. दाराची बेल वाजते. आई दार उघडते. मुलगी बॅग घेऊन उभी. आई तिच्याकडे बघते, बॅगेकडे बघते आणि म्हणते की एवढीशी बॅग का आणलीस, माझ्या साड्या परत आणायच्या होत्यास ना. मुलगी हसते आणि हसता हसता रडते. दोघी उंबऱ्यावरच बसतात.

भाभी पदराने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात अक्का उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"अक्का, अजून संपलं नव्हतं," भाभी म्हणाल्या.

"संपलं," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी तारीख पडली नाही.

दुसऱ्या सकाळी मी ग्रंथालयात जायला खाली उतरले तेव्हा त्या बाजेवर बसल्या होत्या. भाग होऊन गेला होता, जाहिराती मोठ्याने चालू होत्या, आणि त्या उठत नव्हत्या. मी आवाज बंद करायला पुढे झाले. त्यांनी हातानेच बस म्हटलं. मी खुर्चीत बसले, त्यांच्या संध्याकाळच्या जागी, कारण दुसरी जागा नव्हती. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, एकसुरी आवाजात, जबानी वाचून दाखवावी तसं.

संगीता शिरपूरला दिली होती, कापसाच्या व्यापारातल्या घरात. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. तो तिच्याशी बोलत नव्हता. महिनोन्‌महिने. काही हवं असेल तर आईला सांगायचा, आई हिला सांगायची. एका दुपारी संगीता बॅग घेऊन या दारात आली. ती इथे बाजेवर टेकली. अक्का कचेरीचा अर्धा दिवस संपवून नुकत्या आल्या होत्या. त्यांनी तिला जेवायला वाढलं, शेवभाजी आणि भाकरी. पडू दिलं. चार वाजता रिक्षा बोलावली, तिला स्टँडवर नेलं आणि शिरपूरच्या गाडीत बसवलं.

"त्या पायऱ्या मी रोज बघत होते," अक्का म्हणाल्या. त्या पायऱ्या म्हणजे न्यायालयाच्या. तिथे बसलेल्या बायका, मांडीवर पोरं, हातात तारखेचे कागद, आणि वर्षं जातात. आपली पोर तिथे बसू नये, एवढंच त्या वेळी त्यांना सुचलं. शिवाय न बोलण्याचा पुरावा कसा देणार? मारलं असतं तर टाइप करता आलं असतं.

"मग ती शिरपूरला गेली?"

"गाडी धुळेमार्गे शिरपूरची होती," अक्का म्हणाल्या. "ती धुळ्याला उतरली."

धुळ्याला एका मैत्रिणीकडे राहिली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली, घटस्फोटही तिथल्याच न्यायालयात मिळवला. तिची जबानी दुसऱ्याच कुणी टाइप केली. त्यानंतर दोघींमध्ये फोन राहिले, सणाचे आणि आजारपणाचे. तिची भाजी काय, हिचं गुडघ्याचं दुखणं काय. त्या दुपारबद्दल कुणी काही बोललं नाही.

मी विचारलं, तुम्ही तिला आखाजीला का बोलावत नाही?

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच अडाणी प्रश्न विचारला होता. बोलावणार कसं? आखाजीची लेक आपणहून उठून येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर काका, मामा, चुलत भाऊ. अक्कांना मुलगा नाही, यजमान लवकर गेले, दीर अंथरुणाला खिळून मग गेले. मुराळी नाही, तर बोलावणं नाही. नोटीस बजावल्याशिवाय हजर हो म्हणता येतं का?

मी म्हटलं, फोन आहे.

"आखाजीचं बोलावणं फोनवर करतात का? ती काय मीटर दुरुस्त करणारी आहे?"

मला ते ऐकून नवल वाटत राहिलं. जी बाई माझ्या आईसाठी मला घागर भरायला लावते, तीच बाई मुराळी नाही म्हणून स्वतःच्या लेकीला वर्षानुवर्षं बोलावत नाही. दुसऱ्याचा नियम मोडणं सोपं असतं का? की नियम हा फक्त कठडा होता, आणि त्याला धरून त्या उभ्या होत्या? मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

पुढची आखाजी जवळ आली तशी त्यांची बोटं फार चालू लागली. मालिकेतली आई आणि मुलगी तोवर पुन्हा एकत्र राहू लागल्या होत्या आणि पार्लरमध्ये अखेर एक गिऱ्हाईक आलं होतं. भाभींना त्याचा फार आनंद झाला. अशाच एका संध्याकाळी जाहिरातीच्या वेळात अक्का म्हणाल्या, "लायब्ररी, तू धुळ्याला जाशील?"

"मी? मुराळी?" मला हसू आलं. "बाई मुराळी असते का?"

"नसते," त्या म्हणाल्या. त्यांनी याचा विचार करून ठेवला होता. "पण वकीलपत्र दिलं की बाई चालते. कोर्टात चालतात."

भाभी म्हणाल्या, "चालतात, चालतात. आमच्या भाचीची वकील बाईच होती. चांगली भांडते."

अशा रीतीने मी गेले. पिशवीत कुरडया, एक डांगर आणि भाभींनी दिलेली साडी. एरंडोल, पारोळा, मग धुळं. गाडीत मी अक्कांनी पाठ करून घेतलेलं वाक्य मनात म्हणत होते. ते त्यांनी त्यांच्या लहानपणच्या अहिराणीत सांगितलं होतं, कारण बोलावणं त्याच भाषेत करायचं असतं, म्हणाल्या: "तुनी माय तुले आखाजीले बलावस." तुझी आई तुला आखाजीला बोलावते आहे. माझ्या तोंडून ते परक्यासारखं यायचं.

संगीताचं घर देवपुरात, पहिल्या मजल्यावर. दार उघडलं ते एका चष्मेवाल्या बाईने, केस आखूड, हाताला औषधाचा वास. मी वाक्य म्हटलं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"मुराळी."

"आईला बाई मुराळी चालली?"

"वकीलपत्र दिलंय."

ती इतकी हसली की दाराला धरून तिला उभं राहावं लागलं. हसणं थांबलं तसा तिचा चेहराही थांबला. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं, डांगर कापलं. घर नीटनेटकं, पुस्तकं, एक छोटा फ्रीज. टीव्ही नव्हता. तिने विचारलं, आई अजून बोटांनी टाइप करते का? लहानपणी ती त्या बोटांकडे टक लावून पाहायची. काहीतरी लिहिलं जातंय हे कळायचं, काय ते कधी कळलं नाही.

मी मालिकेबद्दल सांगितलं. दोन जागा, अर्जदार, सामनेवाली, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की ती मालिका नवी होती तेव्हा तीही एका मैत्रिणीकडे पाहायची, पण सोडून दिली.

"का?"

"त्यातली आई फार चांगली आहे," ती म्हणाली. "चांगल्या आईचं मी काय करू? मला माझी पाहिजे."

मुराळ्याने काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली. खाली पांझरा नदीकडे जाणारा रस्ता होता, रिक्षांची गर्दी होती.

"तिला सांगा, बोलावणं पोचलं," ती म्हणाली. "पण मी तुमच्याबरोबर येणार नाही. जिनं स्टँडवर नेऊन सोडलं, तिनंच न्यायला यावं."

परतल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं, शब्द न बदलता. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चांगल्या आईचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. शेवटचं वाक्य झाल्यावर म्हणाल्या, "आई मुराळी जाते का कधी?"

आता मीही तयार होते. "लेकीनं भरलेली घागर चालली ना तुम्हाला?"

त्या संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्या नाहीत, बाजेवरही नाही. स्वयंपाकघरात उभ्या राहूनच त्यांनी भाग ऐकला. आखाजीच्या आदल्या सकाळी मी खाली आले तर त्यांनी पिशवी भरली होती, भाभींनी नवी साडी नेसवली होती, आणि गुडघ्याला पट्टा बांधला होता. मी बरोबर येऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या. मुराळी एकटाच जातो. घराच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. रिक्षात बसल्यावर त्यांना काहीतरी बोलायचं होतं, बोटं पिशवीवर चालली, पण रिक्षा सुटली.

त्या संध्याकाळपर्यंत लेकीला घेऊन परत येतील, असा आमचा अंदाज होता. भाभींनी मागचा झोका नव्या दोराने बांधून घेतला होता. मी गादीवर धुतलेली चादर घातली. दिवे लागले, आठ वाजले, कुणी आलं नाही. फोनही नाही. दुसऱ्या दिवशी आखाजी. मी एकटीने दोन घागरी भरल्या. भाभी दुपारी ताट झाकून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बस चुकली असेल. दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं. मला सारखी एकच धास्ती होती, की मी त्यांना जायला लावलं, आणि त्या दारातूनच परत फिरल्या असतील तर?

संध्याकाळी आठला आम्ही दोघी टीव्ही लावून बसलो. सवयीने. पहिल्या जाहिरातीला माझा फोन वाजला.

"लायब्ररी, आज काय झालं?" अक्कांचा आवाज. "हिच्याकडे टीव्ही नाही."

भाभींनी खूण केली, स्पीकर लाव. मी लावला. विचारलं, अक्का, तुम्ही कुठे आहात, येणार कधी?

"येत नाही. ही म्हणते मी नाही येत, तूच राहा चार दिवस. मी म्हटलं, असं कुठे असतं का. ती म्हणाली, मुराळी बाई चालते, तर हेही चालेल." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी माहेरी आले असं समज."

मी त्यांना भागाची गोष्ट सांगू लागले. मागून भांड्यांचा आवाज येत होता. मध्येच अक्का म्हणाल्या, "थांब गं," आणि फोन कुठेतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. फोन बंद करणं त्यांना कधीच नीट जमत नसे.

"पुरणात एवढा गूळ कोण घालतं?"

"तूच घालायचीस."

"हे म्हणणे खरे नाही की..."

"आई, कोर्ट नको. तू कधी बसवून शिकवलंस का मला? तुझं नेहमी तेच. जेवायला घालायचं आणि गाडीत बसवून द्यायचं."

मग पंख्याचा आवाज तेवढा. मी आणि भाभी एकमेकींकडे बघत होतो. टीव्हीवर जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली, पडद्यावरची आई मुलीचे केस विंचरत काहीतरी गमतीचं बोलू लागली. भाभी उठल्या आणि त्यांनी आवाज पूर्ण कमी केला.

"गाडी सुटेपर्यंत मी तिथंच होते," अक्का म्हणाल्या. "रसवंतीच्या मागे."

"कशाला?"

"तू उतरशील म्हणून. उतरली असतीस तर रिक्षा तशीच घरी फिरवली असती. तू उतरनी नही."

"मी पार मागे बसले होते. ड्रायव्हर चढला, घंटी झाली, तरी बघत होते. तू हाक मारशील म्हणून." संगीताचा आवाज चढला, आणि तीही त्याच भाषेत गेली. "तू हाक मारी नही."

"मग उतरायचं ना."

"मग मारायची ना हाक."

"एवढी शिकलेली पोर, तुला काय हाकेची गरज?"

"तुला काय गरज होती रसवंतीमागे लपायची? समोर उभी राहिली असतीस तर?"

"समोर उभी राहिले असते तर तुला जाऊ दिलं नसतं मी."

पुढे दोघी एकदमच बोलू लागल्या. एकीचं वाक्य दुसरी तोडत होती, कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं, पातेल्यावर पळी आपटल्यासारखा आवाज झाला, कुणीतरी नाक ओढलं, आणि मग कुणीतरी हसलं, कोण ते मला सांगता येणार नाही. पडद्यावर त्या दोघींची तोंडं आवाजाविना हलत होती. ऐकणं बरं नव्हतं. मी फोन बंद करायला बोट पुढे नेलं.

भाभींनी माझं मनगट धरलं.

"ठेवू नको," त्या कुजबुजल्या. "आत्ता कुठे बोलायला लागल्यात."